मोरीकडचा गुलाब

नेरच्या बौद्ध वस्तीत कौसल्येच्या अंगणात गुलाब होते, आणि त्या गुलाबांचा तिला जरा जास्तच ताठा होता. रस्त्यानं जाणाऱ्यानं नुसती मान वळवली तरी ती हातातलं पीठ तसंच ठेवून कुंपणाशी यायची. "पाहून राह्यले काय? हा लाल तीन सालाचा हाय. हा गुलाबी मांगच्या हिवाळ्यात लावला. हात नका लावू, काटा लय वंगाळ हाय याचा." माणूस बिचारा बैलाला पाणी दाखवायला निघालेला असायचा. त्याला गुलाबाशी काय करायचं होतं? पण ऐकून घ्यावंच लागे.

तिचा नवरा उकंडा कापसाच्या जिनात हमाली करी. कौसल्या हंगामात कापूस वेचायला जाई, उरलेल्या दिवसांत निंदणं-खुरपणं. घर मातीच्या भिंतींचं, वर पत्रा. पुढं अंगण, मागं न्हाणीचा दगड आणि मोरी, आणि मोरीला लागून मागची गल्ली. गुलाबांची रांग पुढच्या अंगणात होती, रस्त्याकडच्या कुंपणाला धरून. दिसायला पाहिजे ना!

ही रांग आली कुठून, तर छप्पनच्या दसऱ्याला उकंडा नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. आल्यावर घरातले देव नदीत सोडले. कौसल्येनं नाही म्हटलं नाही, पण कोनाडा रिकामा झाला त्याची तिला सवय होईना. पोथी वाचता येत नव्हती, नव्या प्रार्थना जिभेवर बसत नव्हत्या. मग तिनं ठरवलं की आपल्याला दुसरं काही येत नाही, तर निदान बुद्धाच्या फोटोला फूल तरी रोजचं ताजं घालू.

फुलाचा तिला लहानपणापासून एक सल होता. माहेर कळंबच्या बाजूला. तिथल्या देवळाच्या पायरीखाली ती झेंडूची ओंजळ घेऊन उभी राहिली होती, आणि वरचा माणूस म्हणाला होता, "ठेव तिथं." तिनं दगडावर ठेवली. त्यानं वरून पाणी शिंपडलं आणि काडीनं ती फुलं बाजूला लोटली. ही गोष्ट तिनं वस्तीत पुष्कळदा सांगितली होती. सांगताना तिचा आवाज चढायचा, आणि ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरायचे, कारण प्रत्येकीजवळ अशी एक ओंजळ होतीच.

गुलाबाचं सगळं तिला बशीरचाचानं शिकवलं. बशीरचाचा लग्नातले फुलांचे सेहरे करायचा. त्याचं गुलाबाचं वावर गावाबाहेर होतं, तिथं ती निंदायला जायची. म्हातारा कांड्या द्यायला मागेपुढे पाहायचा नाही, पण उपदेशही त्याबरोबर द्यायचा.

"देख बेटी, पाऊस पुरा जाऊ दे. जमीन तडकू दे. मंग कैची लाव. पह्यले वाळकी कांडी, मंग जे आतमंदी घुसते ते, मंग जे एकदुसरीले घासते ते. डोळा बाहेरच्या तरफचा पाहाचा, त्याच्या थोडं वरतून तिरपं कापाचं. वर शेण लाव. मंग मुळं उघडी टाक, ऊन खाऊ दे त्याईले. पाने झडतीन, भेऊ नको. मंग खत, मंग पानी. दीड महिना गेला का फूल."

"आन पावसात कापलं तं?"

"पावसात तू भिजली का सर्दी होते ना? याले बी होते. फक्त हे शिंकत नाही, सरळ मरते."

तर दसऱ्याच्या सुमाराला कौसल्या छाटणी करायची, आणि छाटणीच्या आधी तिची निवड चालायची. पुढच्या हंगामाला रांगेत कोण राहणार आणि कोण जाणार. कमरेवर हात ठेवून ती एकेका झाडापुढं उभी राहायची. "तू यंदा दोनच फुलं देल्ले. तुले मी खत कायले घालू?" असं म्हणून उपटून टाकायची. उकंडा म्हणायचा, "बरं झालं, मी माणूस म्हणून जन्माले आलो, गुलाब म्हणून तुह्या दारात नाही आलो."

मागच्या गल्लीनं रोज सकाळी सुखीबाई जायची. गावची झाडझूड आणि मैला उचलणाऱ्या वस्तीतली ती. कोणे काळी तिची माणसं उत्तरेकडून आलेली, बोलणं मात्र आता गावचंच. बाई हसरी, उंच, आणि चालणं असं की टोपली डोक्यावर आहे हे तिलाच ठाऊक नसावं. कौसल्या न्हाणीवर भांडी घासत असायची, तेव्हा जाता-येता दोन शब्द व्हायचे. दोन शब्दच, कुंपणाच्या अलीकडून आणि पलीकडून.

एका वर्षी छाटणीच्या दिवसांत सुखीबाई थांबली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"कौसल्याबाई, डाकबंगल्यातल्या माळ्यानं आज गुलाब कापले. जाळाले ढीग घातला होता. मी दोन कांड्या उचलल्या. एक मले, एक तुमाले. लय सुंदर गुलाब हाय वो. बाहेरून गुलाबी, आतमंदी पिवळा. सायबाच्या पोरीसारखा!"

कौसल्येचे हात भांड्यांच्या राखेनं भरलेले होते. होते, पण धुवायला पाणी पुढ्यातच होतं.

"ठेव तिथं," ती म्हणाली, आणि मोरीच्या दगडाकडं बोट दाखवलं.

सुखीबाईनं वाकून कांडी दगडावर ठेवली. कौसल्येनं लोट्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि कांडीवर शिंपडलं. मग उचलली. कांडी सुकू नये म्हणून शिंपडलं, असं तिनं मनात म्हटलं. कांडी ओल्या फडक्यातून आत्ताच निघाली होती, सुकायला तिला वेळच कुठं मिळाला होता? बाजूला उकंडा निंबाच्या काडीनं दात घासत उभा होता. त्यानं ते पाहिलं. थुंकला, चूळ भरली आणि आत गेला.

"कुठी लावता?" सुखीबाईनं विचारलं.

कौसल्येनं रांगेचं नावसुद्धा काढलं नाही. "इथंच लावतो, मोरीजवळ. इथं ओल राह्यते. आन तुले बी येताजाता दिसन."

"हो वो! मले रोज दिसन!" सुखीबाईला एवढा आनंद झाला की कौसल्येला क्षणभर वाटलं, आपण खरंच तिच्याचसाठी ही जागा शोधली.

कांडी लागली. मोरीच्या पाण्यावर असं काही झाड माजलं की दोन वर्षांत कुंपणावर ओणवलं. कौसल्येनं त्याला कधी छाटलं नाही, मुळं उघडी टाकली नाहीत, खत दाखवलं नाही. निवडीच्या वेळी ते कधी मोजणीतच धरलं नाही. रांगेतल्या फुलांचं रोज एक तबक विहारात जायचं. विहार म्हणजे तेव्हा चार खांबांवरचं छप्पर आणि फोटो. मोरीकडची फुलं झाडावरच गळायची. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "ते नुसतं रानटी हाय. त्याले कोन पाह्यते."

पाहायची एक सुखीबाई. रोज सकाळी गल्लीत थांबायची आणि झाडाशी बोलायची. "काय सायब, जेवन झालं का? आज लय नटून बसले. कोनाच्या लग्नाले जाता?" कौसल्येला ते ऐकून हसू यायचं. ती भांडी घासता घासता म्हणायची, "त्याले जास्त लाडावू नको, सुखीबाई, आंगावर येईन तुह्या."

मग एकसष्ट साल आलं. वस्तीनं हातभार लावून विहाराला पक्क्या भिंती घातल्या. मूर्ती नागपूरहून यायची होती, दसऱ्याला बसवायची होती. बायका जमल्या, कोण खीर करणार, कोण सडा-सारवण करणार ते ठरू लागलं. कौसल्या उभी राहिली.

"मूर्तीले पह्यला हार माह्या गुलाबाचा."

इंदूबाई वस्तीतली थोरली बाई. तिची जीभ कोणाला भीत नसे. ती म्हणाली, "तुह्या गुलाबाले दसरा मालूम हाय का? दरवर्षी दसऱ्याले ते मुंडन करून बसते."

सगळ्या हसल्या. कौसल्याही हसली, पण घरी आल्यावर तो शब्द तिच्या कानात वळवळत राहिला. दसऱ्याला छाटलं तर फूल हिवाळ्यात. छाटलंच नाही तर ऐन वेळी फूल बारीक, विरळ, किडकं. तिला तर मूठभर मोठा गुलाब पाहिजे होता, ताठ देठाचा, सगळ्यांनी तोंडात बोट घालावं असा. तिनं बोटांवर उलटं मोजलं. दीड महिना आधी छाटलं तर बरोबर दसऱ्याला फूल. म्हणजे पोळ्याच्या आधी.

बशीरचाचाकडं कैची मागायला गेली तेव्हा म्हाताऱ्यानं आभाळाकडं पाहिलं. "अभी? पागल झाली काय? अजून वरती किती पानी हाय."

"एकच वर्ष, चाचा. मूर्ती येऊन राह्यली."

"मूर्ती थांबन बेटी. पानी नाही थांबत."

त्यानं कैची दिली नाही. तिनं विळ्यानं छाटलं. निवड मात्र साग्रसंगीत केली. सगळ्यात जोमाची झाडं हारासाठी राखली आणि त्यांनाच सगळ्यात खाली आणलं, कारण जितकं खाली कापाल तितकं मोठं फूल, असं चाचाच म्हणाला होता. आठ दिवस सगळं बरं चाललं. डोळे लाल लाल फुगले. कौसल्या इंदूबाईच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेली.

आणि भादव्यात झड लागली. दिवस-रात्र बारीक, थंड, न थांबणारा पाऊस. कापलेल्या तोंडांवर शेण लावलेलं वाहून गेलं. एका सकाळी तिनं पाहिलं तर कांडीचं टोक काळं. तिनं काळं कापून काढलं. चार दिवसांनी त्याच्या खालचं काळं. पुन्हा कापलं. सडणं पुढं आणि विळा मागं, असं चालत राहिलं. नवरात्राच्या दिवसांत ऊन पडलं तेव्हा कुंपणाजवळ विझलेल्या उदबत्त्यांची रांग उभी असावी तसे खुंट उभे होते.

कौसल्येनं त्यांच्यावर टोपल्या पालथ्या घातल्या, पोती टाकली. कोणी विचारलं तर म्हणायची, "ऊन लागू नाही म्हून झाकलं."

मागं मात्र, ज्याला कोणी हात लावला नव्हता ते झाड पावसानं धुऊन निघालं आणि बहरलं. मोठमोठी फुलं, बाहेरून गुलाबी, आतून पिवळी. वास न्हाणीपर्यंत यायचा. कौसल्या आठ दिवस तोंड फिरवून भांडी घासत होती.

"मांगं तं बाग झाली," उकंडा म्हणाला.

ती राखेची मूठ घेऊन भांड्यावर वाकली.

"मी म्हनतो, फुलं हायेत."

"दिसून राह्यले मले. आंधळी नाही मी."

दसऱ्याच्या दिवशी उजाडायच्या आधी तिनं तीच फुलं तोडली. सुखीबाई यायच्या आत. केळीच्या सोपटात हार ओवला. हात सवयीचे होते, हार असा झाला की तिचीच नजर त्यावरून हलेना. तेवढ्या वेळात तिनं एक गोष्ट स्वतःला पटवून दिली: झाड माझ्या अंगणात, पाणी माझ्या मोरीचं, मग फूल कोणाचं?

विहारात माणूस मावत नव्हतं. पांढऱ्या कपड्यांत सगळी वस्ती. भंतेजींच्या मागून सगळ्यांनी त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही हेही त्यात म्हटलं. कौसल्येला आता सगळं तोंडपाठ होतं. मग तिचा हार मूर्तीच्या गळ्यात पडला. बायकांमधून 'अव माय!' असा आवाज उठला. इंदूबाईनं स्वतः उठून वास घेतला. "मानलं बाई तुले. दसऱ्याले फुलवून दाखवले."

"घेतली मेहनत," कौसल्या म्हणाली.

तेवढ्यात दारातून कोणीतरी हसल्याचा आवाज आला. सुखीबाई. नवं हिरवं लुगडं, तेल लावून बसवलेले केस. उकंडानंच तिला आदल्या दिवशी म्हटलं होतं, ये म्हणून. ती उंबऱ्याबाहेर टाचा उंचावून मूर्तीकडं पाहत होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की जणू तिच्या पोराला कोणी खांद्यावर घेतलं.

"कौसल्याबाई! अव, हे तं माह्या कांडीचे! सायब कुठी जाऊन बसला पाहा!"

सगळ्या माना दाराकडं वळल्या, मग कौसल्येकडं. हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. पण हो म्हटलं तर रांग कुठं गेली ते सांगा, पोत्याखाली काय आहे ते सांगा, आणि बुद्धाच्या गळ्यात कोणाच्या हातचं फूल आहे तेही सांगा. शेवटचं तिच्या मनात आलं, आणि आलं हेच पुढं तिला आयुष्यभर गिळता आलं नाही.

"नाही वो," ती म्हणाली. "हे माह्या रांगेतले हाये."

सुखीबाईचं हसू लगेच गेलं नाही. ते जरा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, आपलं काम संपलं हे न कळल्यासारखं. मग ती म्हणाली, "असंन बाप्पा. गुलाबासारखा गुलाब असते." तिनं हात जोडले, मूर्तीला, आणि खीर वाटायच्या आत निघून गेली.

घरी आल्यावर उकंडा रागावला नाही. तो पुढच्या अंगणात गेला, पोतं उचललं, टोपली उचलली आणि खुंटांकडं पाहत उभा राहिला. "हे काय तुही रांग?" एवढंच म्हणाला. पोतं पुन्हा झाकलंसुद्धा नाही. ते त्यानं झाकायला पाहिजे होतं असं कौसल्येला वाटलं, म्हणजे निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुखीबाई गल्लीनं गेली, थांबली नाही. झाडाकडं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कौसल्या घासलेलंच भांडं पुन्हा घासत बसली. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, पण हाकेनंतर काय बोलायचं ते तिच्याजवळ नव्हतं. आणि मग एका सकाळी मोरीच्या दगडावर राख टाकताना तिला आपलेच दोन शब्द ऐकू आले. ठेव तिथं. जसेच्या तसे. आवाजसुद्धा त्या पायरीवरच्या माणसाचा. इतकी वर्षं ती ज्याला शिव्या देत आली तो तिच्याच तोंडात घर करून होता, आणि तिला पत्ता नव्हता. ती दगडावरच बसली. लुगडं भिजलं तरी उठली नाही. लाज म्हणजे तोंड लपवणं असं तिला वाटायचं. पण स्वतःपासून तोंड लपवायचं तर कोणत्या पदरात लपवणार?

त्या रविवारी ती विहारात गेली. वंदना झाल्यावर उभी राहिली.

"त्या दिवशीचे फुलं माह्या रांगेतले नव्हते. सुखीबाईनं देल्लेल्या कांडीचे होते. मी खोटं बोलली."

तिला वाटलं होतं, आता बायका तोंडात पदर धरतील, कोणी थू करील. कोणी काहीच केलं नाही. इंदूबाई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

"हे काय सांगनं झालं? तुही रांग मेली ते रस्त्यावरून दिसे. टोपल्याखालून काय गुलाब फुलते? आमाले सगळ्याईले मालूम होतं."

"मंग त्या दिवशी बोलल्या काहून नाही?"

इंदूबाईचा हात थांबला. "बोलली असती तं मंग हेबी बोला लागलं असतं का ती बाई उंबऱ्याबाहेर उभी होती आन आत ये असं आमच्यातलं कोनी म्हटलं नाही. मी दाराजवळच बसली होती, कौसल्या. सरकली असती तं जागा होती."

मग एकेक बाई आपलं लेकरू उचलून घरी गेली.

कौसल्येला वाटलं होतं, चारचौघांत सांगितलं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. जिला सांगायचं ती तिथं कुठं होती?

बशीरचाचा रांग पाहायला आला तेव्हा त्यानं खुंट नखानं खरवडून पाहिले. सगळे आतून तपकिरी. "गेले. काढून टाक, जमीन खन." मग मागं गेला आणि मोरीकडच्या झाडापुढं उभा राहून गालातल्या गालात हसला. "हे कधीच छाटलं नाही काय? तरी एवढं? आता पाऊस गेला. हे छाट, आन याच्याच कांड्या पुढं लाव. मी घरी जाऊन कैची पाठवतो."

"विचारा लागन," कौसल्या म्हणाली.

"कोनाले? झाडाले?"

ती सुखीबाईच्या वस्तीत दिवेलागणीच्या आधी गेली. एवढी वर्षं नेरात राहून ती गल्ली तिनं पाहिली नव्हती. सुखीबाई दारात ज्वारी पाखडत होती. दाराशी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात तेच झाड होतं, दुसऱ्या कांडीचं. छोटं, पण फुललेलं. कौसल्येला इतक्या वर्षांत ते कसं आहे, लागलं की मेलं, हे विचारायचंही सुचलं नव्हतं.

"बसा," सुखीबाई म्हणाली, पण सूप थांबलं नाही.

कौसल्या जमिनीवर बसली. तिनं वाटेत पुष्कळ शब्द जमवले होते. त्यातला एक सापडेना. "मी नाही म्हटलं त्या दिवशी," ती म्हणाली.

"हो, म्हटलं तुमी."

"मी वाईट केलं."

सुखीबाईनं सूप खाली ठेवलं. "मी नाव नव्हतं मांगतलं, बाई. मले खुशी झाली म्हून तोंडातून निंगालं. पन तुमी नाही म्हटलं ना, तं सगळे माह्याकडं असे पाहून राह्यले का जसं मी तिथं काही चोराले गेलती. नवं लुगडं नेसून गेलती मी. रस्त्यानं परत येतानी मले त्या लुगड्याची लाज वाटली. तुमची नाही वाटली. माही वाटली. हे काहून असं होते, सांगा?"

कौसल्येनं वाकून तिच्या पायाला हात लावायला पाहिलं, तशी सुखीबाई झटक्यात मागं सरकली. "अव, हे नका करू! लोक पाहून राह्यले. उद्या म्हनतीन, सुखीनं बाईवर काय करणी केली."

ज्वारीवर चिमणी येऊन बसली, सुखीबाईनं हाकलली नाही.

"चाचा म्हनते, मांगचं झाड छाटाचं, त्याच्या कांड्या पुढं लावाच्या," कौसल्या शेवटी म्हणाली. "तुले विचाराले आली. तू नाही म्हटलं तं नाही लावत."

"झाड तुमच्या आंगनात हाय."

"म्हनूनच इचारून राह्यली."

सुखीबाईनं सूप पुन्हा उचललं. चार-दोन वेळा पाखडलं. "उद्या सकाळी कामावरून आली का येतो. काटे धराले कोनी पाहिजे ना तुमाले."

आली. अंघोळ करून, पुढच्या दारानं. हे पुढच्या दारानं येणं कौसल्येनं सांगितलेलं नव्हतं, आणि सुखीबाईनं विचारलेलं नव्हतं. ती आली आणि एवढंच झालं. सुखीबाईनं फांद्या बाजूला धरल्या, कौसल्येनं चाचाच्या कैचीनं कापल्या, बाहेरच्या डोळ्यावर, तिरप्या. दोघींची मनगटं ओरबाडली. एक कांडी कापताना कौसल्या थबकली, तशी सुखीबाई म्हणाली, "काप वो, किती विचार करतं! भाजी नाही का चिरत?" त्या दिवसापासून दोघींमध्ये 'तुमी' राहिलं नाही. सुखीबाईनं कांडी पुढं केली आणि कौसल्येनं ती तिच्या हातातून घेतली. एक घेतली, दुसरी घेतली. पाण्याच्या लोट्याकडं तिचं लक्ष गेलं, आणि ती मानेपर्यंत लाल झाली. सुखीबाईला काही आठवलं की नाही, कोण जाणे. तिनं काही दाखवलं नाही.

सगळ्या कांड्या लागल्या नाहीत. काही वाळल्या, काही कोंबड्यांनी उकरल्या. लागल्या त्यांची रांग पुढच्या पावसाळ्यात कुंपणाएवढी झाली. तिच्यापुढं कौसल्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली नाही. निवड करायला तिचं मन धजेना.

पण एक नवीच खोड तिला लागली. कोणी फुलांकडं पाहिलं की ती पळत यायची. "हे सुखीबाईच्या कांडीचे हायेत! सुखीबाईनं देल्ले! माहं काही नाही याच्यात!" बाजारात, विहारात, दळण आणताना. सुखीबाई बरोबर असली तर तिचा दंड धरून दाखवायची, हीच ती. लोक थांबून सुखीबाईकडं वरपासून खालपर्यंत पाहायचे. कोणी 'हो का' म्हणायचं, कोणी अर्धं पाऊल मागं सरकायचं. कौसल्येला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला आपलं ऋण फिटत असल्यासारखं वाटायचं.

एक दिवस सुखीबाईनं तिला अंगणात बसवलं.

"एक सांगतो, राग नको येऊ देऊ. तू माहं नाव घेनं बंद कर."

"काहून? मी तं चांगलंच सांगतो."

"तू दरवेळी बँड वाजवतं वो बाई! मंग सगळे माह्याकडं पाह्यते. त्या दिवशी पाह्यलं तसंच. तुले वाटते तू माह्यासाठी सांगतं. तू तुह्यासाठी सांगतं. मले सांगनं नाही पाहिजे. मले नुसतं येऊन बसाचं हाय, चारजनीसारखं. फूल पाहाचं, खीर खाची, घरी जाचं."

कौसल्येनं पहिल्यांदा खोटं बोलून जे केलं होतं, तेच ती खरं बोलून इतके दिवस करत होती. त्या रात्री उकंडानं विचारलं, काय झालं, तेव्हा ती म्हणाली, "काही नाही. मले गप राहाले शिका लागन." उकंडानं नवलानं तिच्याकडं पाहिलं आणि पुढं काही बोलायचं टाळलं, शहाणा माणूस.

पुढच्या दसऱ्याला अर्धी रांग हारासाठी चाचाच्या सल्ल्यानं न छाटता राखली होती. हार मूर्तीच्या गळ्यात होता. विहार भरलेला. पाहुणी आलेली एक बाई, दारव्ह्याकडची, बाजूला बसलेल्या कौसल्येला म्हणाली, "किती सुंदर फुलं हायेत वो. कोनाच्या घरचे?"

कौसल्येचं तोंड उघडलं. शब्द जिभेच्या टोकावर आला होता, नावासकट. पलीकडं, दाराशी, सुखीबाई नुकतीच येऊन उभी राहिली होती. हिरवंच लुगडं. तिनं इकडं पाहिलं आणि भुवया जराशा उंचावल्या.

"वस्तीतले हायेत," कौसल्या म्हणाली.

आणि पाहुण्या बाईला कोपरानं ढोसून, स्वतःच्या मांड्या आवरून घेत, ती चटईवर जितकं सरकता येईल तितकं सरकली.